व्यवस्थित मांडणारे त्र्यंबकराव

बारामतीत त्र्यंबकराव वकिलांच्या कचेरीत पक्षकाराने बसायचं ते वर्तमानपत्रावर. पोपट नावाचा त्यांचा कारकून कपाटामागची रद्दी काढायचा, तिच्यातला एक कागद खुर्चीवर पसरायचा, हाताने सपाट करायचा आणि मग म्हणायचा, "बसा." आपण उठलो की तो कागद उचलून टोपलीत टाकायचा. आमच्या कपड्यांना शेणाचा वास येतो हे मला मान्य आहे. पण मी पहिल्यांदा त्या कागदावर बसलो तेव्हा माझ्या उजव्या हाताला त्याच सकाळी बदललेलं पांढरं बँडेज होतं, आणि त्या खोलीत त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नव्हतं.

त्यांचं आडनाव मी लिहीत नाही. त्यांची मुलगी अजून त्याच गावात दवाखाना चालवते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्र्यंबकराव म्हटलं की त्या वेळच्या कोर्टातल्या कुणालाही कळेल. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गावात फोनचे पिवळे बूथ नुकतेच दिसू लागले होते आणि ग्राहकाला न्याय देणारा कायदा आला आहे असं पेपरात वाचून लोक एकमेकांना सांगत होते. मीही ते ऐकलं आणि फसलो.

गोरा रंग, बारीक अंग, डोक्यावर विरळ केस, पण भांग पट्टी धरून पाडल्यासारखा. खिशात दोन रुमाल असायचे, एक तोंडाचा, एक चष्म्याचा. चष्म्याचा रुमाल तोंडाला लागलेला कुणी पाहिला नाही. टेबलावर तीन पेन्सिली, तिन्हींची टोकं एकाच दिशेला. पक्षकाराचा हात लागून एखादी वाकडी झाली तर बोलणं थांबवून आधी ती सरळ करायची. आणि काहीही सांगा, भावाने बांध रेटला सांगा, बायको माहेरी गेली सांगा, त्यांचं उत्तर एकच असायचं. "मांडू. व्यवस्थित मांडू." लोकांना त्या शब्दाने बरं वाटायचं. मलाही वाटलं.

मी जनावरांचा व्यापारी. डाळजजवळ आमची थोडी शेती आहे, पण घर चाललं ते जनावरांवर. सतराव्या वर्षी एक आटलेली म्हैस घेऊन इंदापूरच्या बाजारात उभा राहिलो, तिथून वर आलो. कुणी हात धरून आणलं नाही. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचे उजवे हात टॉवेलाखाली धरतात आणि बोटांनी आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. माझा हात टॉवेलाखाली गेला की समोरच्याच्या बोटाच्या थरथरीवरून तो अजून किती चढेल ते मला कळायचं. माझी सगळी शाळा त्या पाच बोटांत झाली होती.

त्यातली दोन गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

गोठ्यात नवी कडबाकुट्टी घेतली होती. मोटारीवर चालणारी, जड चाक, त्यावर कडबा कापणारी दोन पाती. सहा-सात महिने नीट चालली. एके दिवशी सकाळी मी पेंढी पुढे सरकवत होतो, हात पात्यापासून चांगला लांब होता, आणि चाकाचा एक आरा तुटला. पातं निसटलं, वरचं पत्र्याचं झाकण फाडून बाहेर आलं आणि माझ्या हातावरून गेलं. दुखलं नंतर. आधी मला फक्त चाकाचा आवाज बदललेला ऐकू आला.

कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की यंत्रात दोष नाही, चालकाने निष्काळजीपणे चालू यंत्रात हात घातला. ते पत्र वाचून माझं डोकं फिरलं. पैसे गेले तर मी मिळवीन. पण जनावराच्या तोंडात हात घालून दात मोजणाऱ्या माणसाला तुम्ही सांगता की त्याला हात कुठे घालावा ते कळत नाही? यंत्र खराब होतं, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं मी ठरवलं.

बारामती एमआयडीसीत ओतकामाच्या एका कारखान्यात एक म्हातारे फोरमन होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मोडलेला आरा मी त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो उन्हात धरला. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजलेला होता, आणि अर्धा करडा, दाणेदार, ताजा.

"ह्ये काळं हाय न्हवं, ती जुनी भेग," तात्या म्हणाले. "ओततानाच हवा ऱ्हायली आत. निम्मा आरा कारखान्यातनंच तुटून आलाय, निम्मा तुमच्या गोठ्यात तुटला. ह्याला पुसू नका, तेल लावू नका. हाच तुमचा साक्षीदार."

तो साक्षीदार फडक्यात गुंडाळून मी त्र्यंबकरावांकडे गेलो. वकील निवडताना मी काय पाहिलं? त्यांची कचेरी पाहिली. लाल फीत बांधलेल्या फायली, एका उंचीच्या, एका रांगेत. बाकीच्या वकिलांच्या टेबलांवर चहाचे डाग होते. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की कातडीची चकाकी बघून जनावर घेऊ नका, चालवून बघा. आणि स्वतः वकील घेताना चकाकी बघितली.

फी ठरवायची वेळ आली तेव्हा मी सवयीने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हसत डावा हात पुढे केला. म्हटलं, "या, वकीलसाहेब. आमच्या पद्धतीनं ठरवू." त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "मी कुणाच्या हातात हात देत नाही," म्हणाले, आणि छापलेला फीचा कागद पुढे सरकवला. पोपट तोंड फिरवून हसला. पैशाच्या बाबतीत माणूस सरळ होता, हे सांगायला हवं. ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही. लोक अजूनही त्यांना सज्जन म्हणतात ते त्यामुळेच.

एकदा ते यंत्र पाहायला आमच्या गोठ्यात आले. स्कूटरवरून उतरल्यावर डिकीतून प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या काढल्या, बुटांवर चढवल्या आणि दोऱ्याने बांधल्या. मग तोंडाचा रुमाल नाकाला. माझी बायको चहा घेऊन आली आणि तशीच मागे फिरली, तिला हसू आवरेना. मी त्यांना दाखवत होतो की मी कुठे उभा होतो, पातं कुठून आलं, बोटं कुठे पडली. बोलता बोलता वळून बघतो तर त्र्यंबकराव खाली पडलेलं जनावर बांधायच्या दाव्याचं भेंडोळं सोडवून नीट गुंडाळत होते. ते खुंटीला अडकवलं. मग शेजारचं दुसरं घेतलं.

मी म्हटलं, "ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय ना," ते म्हणाले. "व्यवस्थित मांडू."

तक्रार अर्ज चार वेळा टाइप झाला. एकदा समास कमी पडला म्हणून, एकदा टाइपरायटरची शाई फिकी आली म्हणून, एकदा पान सातच्या कोपऱ्याला घडी पडली म्हणून. कंपनीचं उत्तर आलं, पुण्याला ग्राहक मंचापुढे तारखा पडू लागल्या. आरा सरकारी प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचं ठरलं. तोवर तो त्र्यंबकरावांच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकांखालच्या फळीवर राहणार होता. मी म्हटलं, त्याचा एखादा फोटो काढून ठेवू, भिगवणचा फोटोवाला माझ्या ओळखीचा आहे. त्र्यंबकराव चक्क विनोद करून म्हणाले, "वस्तू आपल्या हातात असताना फोटो कशाला? जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालण्यातला प्रकार तो." मला ते पटलं. पटलं याचा मला अजून राग येतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आरा न्यायला गेलो. प्रयोगशाळेत मीच पोचवायचा होता, तसं पत्र होतं.

आदल्या आठवड्यात सगळी कचेरी धुतलेली दिसत होती. फरशीवर रांगोळीची खूण होती. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, विळे, ट्रॅक्टर पुजतात तशी वकील मंडळी पुस्तकं आणि पेन पुजतात. फळीवर पुस्तकांना हळदकुंकू होतं, टाइपरायटरवर आपट्याची पानं होती, आणि खालच्या फळीवर, कोऱ्या पांढऱ्या कागदावर, माझा आरा होता. चांदीसारखा लखलखत होता. अंगाला तेल, मधोमध कुंकवाचं बोट आणि वर झेंडूचं एक फूल. मोडलेलं तोंड तर असं घासलं होतं की त्यात खिडकी दिसावी. काळं गेलं होतं. करडंही गेलं होतं. सगळा एकच रंग.

पोपट कौतुकाने म्हणाला, "तीन पॉलिश पेपर लागलं, शेट. लई गंज हुता."

मी विचारलं, "तुला कुनी सांगितलं?"

"सायबांनीच. म्हनलं, गंजकी वस्तू पूजेला मांडू नये."

तेवढ्यात त्र्यंबकराव आले. मी आरा हातात घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाहिलं. त्यांना कळलं, हे मी शपथेवर सांगतो, कारण त्यांचा हात लगेच चष्म्याच्या रुमालाकडे गेला. दोन्ही काचा पुसून झाल्या. मग झेंडूचं फूल जे खाली पडलं होतं ते उचलून त्यांनी पुन्हा पांढऱ्या कागदावर ठेवलं.

"मांडू आपण," ते म्हणाले. "घडलं ते घडलं तसं व्यवस्थित मांडू."

प्रयोगशाळेचा कागद आला. पृष्ठभाग घासलेला असल्याने मत देता येत नाही, एवढंच त्यात होतं. तात्या साक्षीला यायला तयार होते, पण काळं-करडं दाखवायचं कशावर? तरी मला आशा होती. वकिलाने उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, की ही चूक माझ्या कचेरीत झाली, माझ्या सांगण्यावरून झाली, अशिलाचा त्यात हात नाही. मग निदान तात्यांचं ऐकून घेतलं असतं.

पुण्याच्या त्या तारखेला मी नवा सदरा घालून गेलो होतो. कंपनीचा वकील तरुण होता, बोलायला तिखट. तो म्हणाला की तक्रारदार जनावरांचे व्यापारी आहेत, त्या धंद्यात म्हाताऱ्या बैलाची शिंगं घासून त्याला तरणा करून विकतात, इथे शिंगांऐवजी लोखंड घासलं आहे. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी बारा बाजार फिरलोय, पण एका बैलाच्या शिंगाला कानस लावली नाही. लावणाऱ्यांशी मी बसून चहासुद्धा घेत नाही.

अध्यक्षांनी आरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि शांतपणे विचारलं, "हा तुकडा घासला कुणी?"

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. डावी काच पुसली. उजवी पुसली. चष्मा घातला.

"माझे अशील ग्रामीण भागातले आहेत," ते म्हणाले. "खंडेनवमीला अवजारं पुजण्याची त्यांच्याकडे प्रथा आहे. भाबडेपणाने झालेली चूक आहे, ती उदार दृष्टीने पाहावी."

किती सुंदर बोलले. एक शब्द वर नाही, एक खाली नाही. त्यातला एकही शब्द खोटा म्हणून पकडता येणार नाही. आमच्याकडे प्रथा आहे. चूक भाबडेपणाने झाली. फक्त कुणाच्या हातून, ते त्यांनी माझ्या अंगावर टाकून दिलं, अगदी अलगद.

मी उठलो. "सायेब, माझ्या घरी न्हाय झालं ह्ये. ह्यांच्या कचेरीत झालं. इचारा त्यास्नी."

मला सांगण्यात आलं की आरडाओरडा करू नये, जे म्हणायचं ते वकिलामार्फत म्हणावं. वकील माझ्या शेजारीच उभे होते. समोरचे कागद एकावर एक बसवून त्यांच्या कडा जुळवत होते.

बाहेर जिन्यावर मी त्यांचा काळा कोट धरला. हात उजवा होता, धड पकड बसत नव्हती, तरी एक बटण तुटलं आणि घरंगळत खाली गेलं. मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही. ते दोन पायऱ्या उतरले, वाकले आणि बटण शोधू लागले. ते सापडल्यावर फुंकून खिशात ठेवलं. त्या क्षणापर्यंत मला त्यांचा राग होता. त्यानंतर राग करण्याएवढाही माणूस तिथे आहे असं मला वाटेना.

निकालात एक ओळ होती, तक्रारदाराने पुराव्याच्या वस्तूत फेरफार केल्याचे दिसून येते. यंत्र विकणाऱ्या दुकानदाराने त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या आणि बाजारात वाटल्या. पुढच्या बाजारापासून माझ्या बैलांजवळ येणारा माणूस आधी शिंगांवरून हात फिरवून बघू लागला. तोंडाने कुणी काही म्हणत नव्हतं. हात फिरवायचा, बोटं नाकाजवळ नेऊन तेलाचा वास येतो का बघायचं, आणि मग भाव विचारायचा. वीस वर्षांत माझ्या दावणीला हे कधी झालं नव्हतं.

मी त्र्यंबकरावांकडे पुन्हा गेलो. खुर्चीवर कागद पसरला होता, तो मी काढून फेकला आणि तसाच बसलो. म्हटलं, मला दुसरं काही नको. एका ओळीत लिहून सही करून द्या की घासायला तुम्ही सांगितलं होतं. मी ते बाजारात लावीन आणि पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही. ते म्हणाले, अपिलात मांडू. अपिलाचे तीन मसुदे झाले. तिसरा मसुदा खरोखर देखणा होता, त्याला हिरवी फीत होती. तो होईपर्यंत मुदत निघून गेली होती. बारामतीतला दुसरा वकील त्यांच्याविरुद्ध लेखणी उचलेना. एवढ्या सज्जन माणसाविरुद्ध कोण लिहील?

पोपट मात्र एकदा बसथांब्यावर भेटला. खाली मान घालून म्हणाला, "मला कुनी इचारलं तर मी खरं सांगीन, शेट. पर मला कुनी इचारतच न्हाय."

खरंच होतं. तो कारकून होता, फडकं मारणारा. त्याला कोण विचारणार?

पुढे चार-पाच वर्षं गेली. टॉवेलाखालचा हात मी मेहुण्याकडे दिला होता. आमच्या बाजारात डाव्या हाताचा सौदा कुणी धरत नाही, आणि उजव्यात तीन बोटांनी आकडे नीट बसत नाहीत. मी नुसता शेजारी उभा राहून डोळ्याने खुणवायचो. धंदा चालला. पण दुसऱ्याच्या हाताने जेवल्यासारखं ते होतं.

मग एका बाजारात गर्दीतून पांढरीशुभ्र विजार येताना दिसली, खालून मोज्यात खोचलेली. त्र्यंबकराव. वकिली कमी करून निमगाव केतकीच्या बाजूला त्यांनी थोडं रान घेतलं होतं, हे मी ऐकून होतो. गाय पाहिजे होती. आख्ख्या बाजारात माझ्याच दावणीला का आले, मला माहीत नाही. एका जर्सी गाईपुढे उभे राहिले. शेणाच्या दोन पोंमधली कोरडी जागा बघून पाय ठेवले होते. थकले होते. भांग तसाच होता.

मेहुणा पुढे झाला. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. मग, ज्या माणसाने कधी कुणाच्या हातात हात दिला नव्हता, त्याने माझ्या खांद्यावरचा टॉवेल स्वतः काढून घेतला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

लोक गोळा झाले. वकील सौदा करणार म्हटल्यावर बघायला मजाच. मी हात टॉवेलाखाली घातला.

त्यांची बोटं गार होती. त्यांनी आकडा सांगितला नाही. त्यांची बोटं माझ्या हातावरून हळू सरकत दोन बोटं जिथे संपतात तिथे आली आणि थांबली. तोंड माझ्या कानाजवळ आणून ते म्हणाले, "चूक माझी होती. पोपटला मीच सांगितलं होतं."

चार-पाच वर्षं मी त्या वाक्याची वाट बघितली होती. आणि ते आलं कुठे, तर टॉवेलाखाली.

मी हात सोडला नाही. त्यांच्याइतक्याच हळू आवाजात म्हटलं, "वकीलसाहेब, टॉवेल काढा अन् ह्येच समद्यांम्होरं सांगा. एकदाच. गाय तशीच घिऊन जावा, मला एक रुपाया नगं."

एवढा पडता भाव मी आयुष्यात कुणाला दिला नाही.

त्यांनी मान वर केली. भोवती व्यापारी होते, बघे होते, कोर्टात ज्यांचे दावे पडलेले असतील असे दोन-तीन चेहरेही होते. त्यांनी त्या सगळ्यांवरून नजर फिरवली. मग हात काढून घेतला. टॉवेलाची टोकं जुळवली, एक घडी घातली, मग दुसरी, कडा बोटाने दाबल्या आणि ती घडी माझ्या हातावर ठेवली.

"बघू," ते म्हणाले. "कधीतरी व्यवस्थित मांडू."

शेण चुकवत, पाय उचलून उचलून ते रस्त्याकडे गेले. जाता जाता खिशातून तोंडाचा रुमाल काढून हात पुसत होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

लोक मला विचारू लागले, वकिलांनी किती सांगितलं, किती सांगितलं. मी टॉवेलाची घडी मोडली, तो झटकला आणि खांद्यावर टाकला.

"काय न्हाय," म्हटलं. "हात घातला आन् काढला."